स्कूबा करताना श्वास का रोखायचा नाही? मालवणच्या होडीवर घाईत सांगितल्या जाणाऱ्या नियमांमागची कारणे

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, चिवल्याला किंवा तारकर्ली-देवबागला सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, तर लाइफ जॅकेट घातलेल्या पर्यटकांनी भरलेल्या होड्या एकामागून एक समुद्रात जाताना दिसतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांपाशी होडी नांगर टाकते आणि इंजिनाच्या घरघरीत, अर्धी मराठी अर्धी हिंदी अशी सूचनांची सरबत्ती सुरू होते. नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा. श्वास रोखायचा नाही. कान दुखला तर खूण करायची. अंगठा वर करायचा नाही. दगडांना हात लावायचा नाही. लोक माना डोलावतात, कारण पुढचा गट रांगेत असतो आणि चित्रफीत काढणारा कॅमेरावाला पाण्यात उतरलेलाही असतो.

या सूचनांपैकी एकही ‘उगीच आपली काळजी’ म्हणून सांगितलेली नाही. प्रत्येकीच्या मागे एक तर दाबाचे साधे गणित आहे किंवा खाली राहणाऱ्या एका जिवाची शरीररचना आहे. ते एकदा समजले, की सूचना पाठ करावी लागत नाही.

वेफर्सचे पाकीट आणि समुद्राचे पाणी

सावंतवाडीत घेतलेले वेफर्सचे पाकीट आंबोली घाट चढून गेल्यावर फुगून टणक झालेले अनेकांनी पाहिले असेल. पाकिटात हवा तेवढीच असते. बाहेरच्या हवेचा दाब मात्र कमी झालेला असतो, म्हणून आतली हवा पसरते. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेही याच कारणाने. बंद जागेतल्या हवेवरचा दाब वाढला की तिचे आकारमान त्याच प्रमाणात घटते आणि दाब घटला की वाढते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडला. या लेखातले निम्मे विवेचन त्या एका नियमातूनच निघते.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असल्यामुळे समुद्रात दाबाचा एवढा फरक पडायला एक मीटरसुद्धा खाली जावे लागत नाही. किनाऱ्यावर आपल्या अंगावर जेवढा दाब असतो त्याला ‘एक वातावरण’ म्हणतात. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. आपले हाडामांसाचे शरीर बहुतांश पाण्याचेच असल्यामुळे त्याला हा दाब जाणवत नाही. तो जाणवतो शरीरातल्या हवेच्या पोकळ्यांना, म्हणजे फुप्फुसे, मधला कान आणि नाकाभोवतीच्या हाडांतल्या सायनसच्या पोकळ्या यांना.

मग लांब नळी तोंडात धरून खाली का जाता येत नाही?

लहानपणी बहुतेकांनी पपईच्या पोकळ देठाने पाण्याखालून श्वास घेण्याचा प्रयोग केलेला असतो. तो वीतभर खोलीवर जमतो आणि हातभर खोलीवर फसतो. एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्तीचा भार येतो. वीतभर लांब आणि वीतभर रुंद एवढ्याच भागाचा हिशेब केला, तरी तो ५० किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीइतका भरतो. नळीतून येणारी हवा वरच्या दाबाची असल्यामुळे ही गोणी छातीवर घेऊनच प्रत्येक श्वास ओढावा लागेल आणि बरगड्यांच्या स्नायूंना ते झेपत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ज्या खोलीवर माणूस आहे, त्याच खोलीच्या दाबाची हवा त्याला पुरवणे. तोंडात धरायचा रेग्युलेटर नेमके हेच करतो. पाठीवरच्या टाकीत साधारण २०० वातावरणांच्या दाबाने हवा कोंबून भरलेली असते. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवतो आणि आपण श्वास ओढू तेव्हाच, आसपासच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा सोडतो. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये असे उपकरण यशस्वी केले. ‘स्कूबा’ हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला असून त्याचा अर्थ ‘स्वतःबरोबर नेता येणारे, पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन’ एवढाच आहे.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. पाठीवरच्या टाकीला सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हटले जाते, पण तिच्यात आपण एरवी घेतो तीच हवा असते, म्हणजे सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू शकतो आणि त्याने पाण्यातच झटके येऊ शकतात.

विहिरीत सूर मारणाऱ्याची सवय इथे घातक का?

गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो श्वास कोंडून धरण्याचा. छाती भरून घ्यायची, सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. यात फुप्फुसांना काही इजा होत नाही, कारण वर घेतलेली हवा खाली जाताना आकसते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकीच होते. जेवढी नेली तेवढीच परत आणली.

स्कूबात हा हिशेब उलटा होतो. समजा, एखाद्याच्या फुप्फुसांत सहा लिटर हवा मावते. १० मीटर खोलीवर रेग्युलेटरमधून छाती भरून श्वास घेतल्यावरही फुप्फुसांत सहा लिटरच हवा असते, पण ती दुप्पट दाबाची. आता तो माणूस घाबरून, विहिरीतल्या सवयीने, श्वास कोंडून सरळ वर आला, तर त्या सहा लिटरची वाटेतच बारा लिटर व्हायला लागते. फुप्फुस काही फुग्यासारखे ताणत नाही. त्याच्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. त्याचा परिणाम पक्षाघाताच्या झटक्यासारखा आणि तितकाच तातडीचा असतो.

म्हणूनच जगभर सगळ्या स्कूबा प्रशिक्षणांत पहिला नियम एकच आहे : श्वास चालू ठेवा, कधीही रोखू नका. घसा उघडा असेल तर पसरणारी हवा आपोआप बाहेर पडते. तोंडातून रेग्युलेटर निसटला, तरी तो परत मिळेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायला शिकवतात, तेही याच कारणाने. उत्तम पोहणाऱ्याला ही सवय मोडायला नवख्यापेक्षा जास्त कष्ट पडावेत, यात नवल नाही.

‘पण वीस फूट म्हणजे काही खोल नाही’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत फसवा आहे. ४० मीटरवर दाब पाच वातावरणे असतो आणि ३० मीटरवर चार. म्हणजे तिथे १० मीटर वर आल्यावर कोंडलेली हवा फक्त सव्वापट होते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र दाब दोनावरून एकावर येतो आणि हवा दुप्पट होते. अंतर तेवढेच, पण वरच्या टप्प्यात पसरण्याचे प्रमाण कितीतरी अधिक. छाती पूर्ण भरलेली असताना सव्वा मीटरइतक्या पाण्यातून श्वास रोखून वर आल्यानेही फुप्फुसांना इजा होऊ शकते.

मालवणला पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला जिथे नेतात तो भाग साधारण १५ ते २५ फुटांचा असतो. गणिताच्या दृष्टीने कोंडलेली हवा सर्वांत वेगाने पसरते ती याच पट्ट्यात. खोल समुद्रातले इतर धोके, उदाहरणार्थ ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनमुळे दारू प्यायल्यासारखी येणारी धुंदी, या पर्यटकाच्या वाट्याला येत नाहीत, हे खरे. श्वास रोखण्याचा धोका मात्र इथे पुरेपूर असतो आणि ‘फक्त वीस फूट’ म्हणून तो कमी होत नाही.

कान, नाक आणि अंगठा

खाली जाताना पहिली तक्रार कान करतो. मधला कान घशाशी एका अरुंद नळीने जोडलेला असतो. ती नळी उघडली तर घशातली हवा आत जाऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि नाही उघडली तर पडदा आत ढकलला जातो. म्हणून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकर मारल्यासारखे करायचे आणि तेही दुखण्याची वाट न पाहता, दर हात-दोन हातांवर. जोर लावून फुंकल्यास आतल्या कानाला इजा होऊ शकते. सर्दी झालेली असेल तर ही नळी सुजलेली असते आणि अशा वेळी न उतरणेच योग्य. नाक मोकळे करणारी औषधे घेऊन उतरणाऱ्यांचा औषधाचा अंमल पाण्याखालीच संपला, तर वर येताना हवा आत अडकून पडते.

मास्कमध्ये नाकही झाकलेले असते, त्यालाही हेच कारण आहे. मास्क ही हवेची आणखी एक पोकळी आहे. ती खाली जाताना चेहऱ्यावर आवळू लागते, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडली की सैल होते. पोहण्याच्या साध्या चष्म्यात ही सोय नसते, म्हणून तो घालून स्कूबा करत नाहीत.

अंगठ्याबद्दल एक गमतीची गोष्ट. आपल्याकडे अंगठा वर करणे म्हणजे ‘झकास’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा आहे आणि ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. कॅमेऱ्याकडे पाहून आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या कितीतरी जणांना गाइड निमूटपणे वर घेऊन येत असेल आणि ते वर येऊन ‘दहा मिनिटं म्हणाला होतात’ म्हणून भांडत असतील.

गोटी सोडा, रक्तातला नायट्रोजन आणि परतीचा घाट

दाबाखाली द्रवात वायू जास्त विरघळतो. गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी घट्ट बसलेली असते तोवर पाणी शांत दिसते आणि ती आत ढकलली की फसफसून बुडबुडे उसळतात. वायू आधीही तिथेच होता, दाब गेला म्हणून तो बाहेर पडला. पाण्याखाली हवेतला नायट्रोजन असाच रक्तात आणि पेशींत विरघळतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. भरकन वर आले तर शरीरातच बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना दाबाखालच्या पेट्यांत काम करून वर येणारे मजूर याच विकाराने वाकडे होत आणि पुलाचा प्रमुख अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ मध्ये त्याने जायबंदी झाला. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची शास्त्रशुद्ध कोष्टके जे. एस. हॉल्डेन याने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आज प्रशिक्षित पाणबुडे वर येताना पाच मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबतात, ते त्याच परंपरेतून.

यावर रास्त प्रश्न असा, की दहा मिनिटे वीस फुटांवर राहून असा कितीसा नायट्रोजन साठतो? फारच थोडा. एकदाच उतरणाऱ्या पर्यटकाला या विकाराचा धोका अत्यल्प असतो. पण अंदमानात किंवा गोव्यात दिवसाला दोन-दोन वेळा, अनेक दिवस खोल उतरणाऱ्यांचे तसे नाही. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची शिफारस अशी, की एकदाच साधी बुडी मारली असेल तर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास आणि अनेकदा मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. विमानाच्या आत १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका विरळ दाब असतो, म्हणजे बाटलीची गोटी आणखी एकदा ढकलण्यासारखेच. ही शिफारस साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात आणि आंबोली त्या रेषेच्या किंचित वर आहे. त्यामुळे शेवटच्या दिवशी स्कूबा करून चिपीहून किंवा मोप्याहून संध्याकाळचे विमान पकडण्याऐवजी सहलीच्या पहिल्या दिवशी स्कूबा आणि मग किल्ला, बाजार, मासे असा क्रम लावणे शहाणपणाचे.

पोहता येत नसेल तर?

जाहिरातीत ‘पोहता येण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. अशा बुडीत गाइड पर्यटकाची टाकी मागून धरून असतो, हवा भरण्याचे जॅकेट तोच हाताळतो आणि पर्यटकाने फक्त श्वास घेत राहायचा असतो. त्यामुळे सगळी सुरक्षितता एका माणसावर अवलंबून राहते आणि म्हणूनच एका गाइडकडे किती पर्यटक, हा प्रश्न पैसे किती या प्रश्नाआधी विचारायला हवा. तो मागे धरून राहणार असेल, तर उत्तर ‘एक’ हेच असले पाहिजे. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांबद्दल कोणी विचारलेच नाही, फक्त सही घेतली, तर तिथून परत फिरावे.

पोहण्याचा खरा संबंध येतो तो होडीशी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. दुर्घटना पाण्याखाली झाली नव्हती, किनारा जवळ आला असताना झाली. परतीच्या वाटेवर ओल्या कपड्यांवर लाइफ जॅकेट नको वाटते, हे समजण्यासारखे असले, तरी ते काढायचे जेटीवर पाय ठेवल्यावरच. मेअखेरीस वारा फिरतो, लाटा वाढतात आणि किनाऱ्याकडे वळताना होडी आडवी होण्याची भीती असते. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, नको म्हणाला, तर त्याच्याशी घासाघीस करू नये.

खाली दिसतात ते दगड की प्राणी?

प्रवाळ म्हणजे पोवळे, हे आपल्याला अंगठीतल्या खड्यामुळे माहीत असते. पाण्याखालचा प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही आणि दगडही नाही. तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढ्या आकाराचे, तोंडाभोवती बारीक शुंडके असलेले हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या बुडाशी चुन्याचे घर बांधत जातात. आपल्याला ‘दगड’ दिसतो तो हा चुना आणि त्यावर जिवंत कातडी असते ती केवळ काही मिलिमीटरची. गोलसर, घट्ट प्रवाळ वर्षाला साधारण अर्धा ते दोन सेंटिमीटर वाढतो. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे दशकभराहून अधिक काळाचे बांधकाम.

त्यांच्या कातडीत सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातले चौथे व्यापक विरंजन जाहीर केले आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. मालवणच्या सागरी अभयारण्यात २०१५ मध्ये विरंजनाची नोंद झालेली आहे.

हे अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर. लक्षद्वीपसारखी प्रवाळांनीच रचलेली बेटे इथे नाहीत. खाड्यांतून गाळ येतो आणि पाणी अनेकदा गढूळ असते, म्हणून गाळ सोसणारे गोलसर प्रवाळ खडकांवर ठिकठिकाणी वाढतात. जाहिरातीतले निळेशार पाणी पाहून आलेला पर्यटक हिरवट पाणी पाहून हिरमुसतो, पण अशा पाण्यात तग धरणारे हे प्रवाळ मला अधिक कौतुकाचे वाटतात. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा मोठा प्रवाळप्रदेश विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर पाण्याखाली असल्यामुळे तो एका दिवसाच्या होडीचा किंवा नवख्याचा विषय नव्हे.

‘मी एकट्याने हात लावला तर काय होते?’

एका हाताने प्रवाळ मरत नाही. पण त्याच्या कातडीवर बुळबुळीत थर असतो, तो पुसला गेला की जंतूंना वाट मिळते आणि होडीगणिक पंधरा-वीस माणसे, दिवसाला कित्येक होड्या, त्याही नेमक्या त्याच चार खडकांवर, असा हिशेब केला तर ‘एकट्याचा’ हात एकटा राहत नाही. हातापेक्षा पायातले फिन्स जास्त नुकसान करतात, कारण ते मागे असल्यामुळे दिसत नाहीत. त्यांनी उडालेला गाळ प्रवाळावर बसतो आणि भाडेकरूचे ऊन अडवतो. शिवाय पाण्याखाली मास्कमधून वस्तू आहेत त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या भासतात, त्यामुळे नवख्याचा अंदाज चुकतोच. गाइडनेच छायाचित्रासाठी प्रवाळ धरायला सांगितला, तर मान हलवून नकार द्यावा. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे आणि तुटलेला तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणे हाही गुन्हा ठरतो.

माशांना पाव टाकण्याचेही तसेच. पट्ट्यापट्ट्यांचे धीट मासे भोवती गोळा होतात, चित्रफीत छान येते, पण खडकावरचे शैवाल खाऊन प्रवाळाच्या पिल्लांना जागा मोकळी करणाऱ्या माशांच्या वाट्याला ही गर्दी आणि रेटारेटी येते.

कृत्रिम प्रवाळखडक बनवता येतात, मग एवढी चिंता कशाला, असेही हल्ली विचारले जाते. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या समुद्रात पाण्याखालचे आकर्षण म्हणून वापरण्याचा प्रकल्प २०२५ मध्ये बातम्यांत आल्यापासून तर विशेष. बुडवलेली नौका प्रवाळाच्या पिल्लाला बसायला टणक जागा देते, ही गोष्ट खरी. निवळ आणि थंड पाणी मात्र ती देऊ शकत नाही आणि मालवणच्या प्रवाळांची अडचण जागेची नाहीच. सुट्यांची सर्वांत मोठी गर्दी मे महिन्यात होते आणि अरबी समुद्राचे पाणी सर्वांत तापलेले असते तेही त्याच सुमारास. महिना सरत आला की होड्या वर ओढल्या जातात, पावसाळाभर पर्यटकांची ये-जा थांबते आणि खाड्यांचा गाळ घेऊन आलेल्या पाण्याखाली त्या खडकांना हात लावायला कोणी नसते.